घ्या, जरा साहेबांशी बोला

गाडीची काच खाली होते. आधी एसीचा गार वारा तोंडावर येतो, त्याच्या मागोमाग वास येतो, आणि मग एक हात बाहेर येतो. हातात मोबाइल. "घ्या, जरा साहेबांशी बोला." कोण साहेब, कुठले साहेब, हे कुणी सांगत नाही. फोन कानाला लावला की कळतं. कधी नगरसेवक असतो, कधी कुणाचा मेव्हणा असतो, कधी खरोखरच आपल्याच खात्यातला, आपल्याला वरिष्ठ असलेला माणूस असतो.

मी मुंबईच्या वाहतूक शाखेत एकवीस वर्षं काढली. शिपाई म्हणून भरती झालो आणि २०१९ साली उपनिरीक्षक म्हणून घरी बसलो. शेवटची बारा वर्षं रात्रीच्या दारूच्या नाकाबंदीवर गेली. लग्नकार्यात कुणी भेटलं की म्हणतं, "दादा, नाक्यावरचे किस्से सांगा ना." त्यांना रडणाऱ्याचे, पाया पडणाऱ्याचे, झोकांड्या खात भांडणाऱ्याचे किस्से हवे असतात. तेही आहेत. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा मला दारुडे आठवत नाहीत, फोन आठवतात.

मशीन येण्याआधी आमचं नाक हेच मशीन होतं. संशय आला की माणसाला खाली उतरवायचं, चार पावलं चालवायचं आणि रुग्णालयात न्यायचं. डॉक्टर लिहून देत: तोंडाला दारूचा वास, चाल डळमळीत, बोलणं असंबद्ध, बाहुल्या विस्फारलेल्या. अर्धी रात्र एकाच केसमध्ये संपायची. दुसरी केस पकडायला माणूसही उरायचा नाही आणि उत्साहही. मग १२ नोव्हेंबर २००६ ची ती पहाट आली. वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवरून गाडी गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. रस्त्याच्या कामावरची माणसं होती ती, जिथे काम तिथेच पथारी. चालवणाऱ्याच्या रक्तात मर्यादेच्या कितीतरी पट दारू निघाली. त्या खटल्यात तीन वर्षांची शिक्षा २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. पण आमच्यासाठी फरक पडला तो त्याच्या बराच आधी. २००७ साली मुंबईत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली आणि आमच्या हातात श्वास मोजणारं मशीन आलं.

नाका कुठे लावायचा याचंही शास्त्र असतं. उड्डाणपुलाच्या उताराला किंवा वळणाच्या लगेच पुढे. गाडीवाल्याला आम्ही दिसेपर्यंत मागे वळायला जागा उरलेली नसते. त्याच्याही अलीकडे, अंधारात, एक माणूस वॉकी-टॉकी घेऊन उभा. त्याचं काम एकच, बॅरिकेड पाहून कोण कुठे सरकतो ते बघायचं. एकदा जुहूकडून आलेल्या गाडीत स्टिअरिंगवर एक बाई बसलेली. नवरा शेजारी, अगदी गाढ झोपेत. वॉकी-टॉकीवर आधीच आलं होतं, "साहेब, पांढरी गाडी, शंभर फुटांवर दोघांनी जागा बदलली." बाईंना म्हटलं, "ताई, गाडी जरा पुढे घेऊन बाजूला लावा." त्यांना पहिला गिअर पडेना. गाडी दोनदा बंद पडली. मग त्यांनी कपाळ स्टिअरिंगला टेकलं आणि म्हणाल्या, "मला चालवता येत नाही हो. यांनी सांगितलं म्हणून बसले." त्या बाईंची मला आजही कीव येते. रात्री साडेबाराला, भर रस्त्यात, न येणाऱ्या गाडीच्या चाकावर त्यांना बसवलं होतं.

आणि नाक्यावरची आमची पोरंही जिवावर उदार होऊन उभी असतात, हे लोकांना कळत नाही. बॅरिकेड उडवून निघून जाणारी गाडी प्रत्येक नाक्याने पाहिली आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये खारला आमचे हवालदार विलास शिंदे यांनी विनाहेल्मेट मुलाला अडवलं. तिथे त्यांच्या डोक्यात मार बसला आणि आठवड्याभराने ते गेले. तो विषय दारूचा नव्हता. पण त्यानंतर कित्येक दिवस नाक्यावर हात वर करून गाडी थांबवताना माझ्या पोरांचा दुसरा हात आपोआप डोक्याकडे जायचा.

आता मशीनकडे येतो, कारण सगळं भांडण तिथेच होतं.

मशीनसोबत प्लास्टिकच्या नळ्यांचं पाकीट असतं. एक माणूस, एक नळी. नळी वेगळ्या पिशवीत सीलबंद असते. ती समोरच्याच्या डोळ्यांदेखत फाडायची, नळीला हात न लावता पिशवीतूनच मशीनला बसवायची. बटण दाबलं की मशीन आधी स्वतःची हवा तपासतं आणि शून्य दाखवतं. ते शून्य समोरच्याला दाखवायचं. मग म्हणायचं, "नळी ओठांत घट्ट धरा आणि फुगा फुगवल्यासारखं सलग फुंका. मी थांबा म्हणेपर्यंत." इथून नाटक सुरू होतं. कुणी आत ओढतो. कुणी गाल फुगवतो, पण हवा ओठांच्या कोपऱ्यातून सोडतो. कुणी दोन सेकंद फुंकून छाती धरतो. मशीनला लागतो तो फुप्फुसाच्या तळातला श्वास. तिथे रक्त आणि हवा एकमेकांना भिडलेली असतात, रक्तातली दारू थोडी थोडी हवेत उतरते. साधारण एकवीसशे मिलिलिटर श्वासात जेवढी दारू, तेवढी एक मिलिलिटर रक्तात, असा तो हिशेब आहे. म्हणून लवंग, वेलची, पान, कच्चा कांदा, यांचा काडीचा उपयोग नाही. वास तोंडाचा जातो, श्वास तर फुप्फुसातून येतो. कांदा खाऊन आलेल्यांच्या समोर उभं राहून माझ्या डोळ्यांतून पाणी आलेलं आहे, आणि आकडा एकानेही कमी झालेला नाही.

पूर्ण श्वास गेला की बीप वाजते आणि आकडा येतो. मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमाने रेषा आखली आहे, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. त्याच्या वर गेला की केस. मशीनमधून पावतीसारखी चिठ्ठी निघते, तिच्यावर चालकाची सही, माझी सही. ती चिठ्ठी उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असते, काही महिन्यांत अक्षरं पुसट होतात. नवा शिपाई आला की मी त्याला पहिली गोष्ट हीच शिकवायचो, की चिठ्ठीची लगेच झेरॉक्स काढ आणि मूळ चिठ्ठीसोबत जोड. नाहीतर तारखेच्या दिवशी न्यायाधीशांसमोर कोरा कागद ठेवावा लागतो.

वाचकांना इथेच सांगतो. तुम्हाला अडवलं तर नवी नळी मागा, ती डोळ्यांसमोर फाडायला सांगा, शून्य दाखवा म्हणा, छापील चिठ्ठी पाहूनच सही करा. याने कुठला चांगला पोलीस चिडत नाही. उलट आम्हाला बरं वाटतं, पुढे कोर्टात वाद राहत नाही. आणि जो म्हणेल "इथेच मिटवू", त्याला स्पष्ट नाही म्हणा. १८५ ची केस रस्त्यावर मिटतच नाही. सिग्नल तोडल्यासारखी तडजोडीची पावती तिला नाही, ती कोर्टातच जाते. हात पसरणारे आमच्यातही होते. ते झाकून ठेवून मला हे लिहिता येणार नाही.

मशीनचं ऐकायचं, पण माणसाचंही ऐकायचं. एका रात्री सायनला साठीच्या पुढचे एक गृहस्थ थांबवले. साधी जुनी गाडी, मागच्या सीटवर भाजीची पिशवी. मशीनने आकडा दाखवला तो तिसाच्या पुष्कळ वर. त्यांचा चेहरा असा उतरला की मला तिथेच शंका आली. म्हणाले, "साहेब, आयुष्यात शिवलो नाही हो." हे वाक्य नाक्यावर रोज ऐकू येतं. पण हे गृहस्थ कुणाला फोन लावत नव्हते. मी विचारलं, "काही औषध घेतलंत?" तर म्हणाले, "हो, आत्ताच गाडीत बसताना द्राक्षासव घेतलं. जेवणानंतर रोज घेतो." आसव-अरिष्टात आंबवण्यातून आपोआप तयार झालेली दारू असते, बाटलीवरच लिहिलेलं असतं. तोंडात तिचा अंश राहिला की मशीन फसतं. त्यांना स्टुलावर बसवलं, पाण्याने चुळा भरायला लावल्या. चांगली वीस मिनिटं थांबलो. मग नवी नळी, पुन्हा शून्य, पुन्हा श्वास. आकडा शून्य. जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या वीस मिनिटांत माझ्या मागे दहा-बारा गाड्या तपासायच्या राहिल्या असतील. तरी ती वीस मिनिटं मी सत्कारणी लागली असंच समजतो.

दुसरा एक उलटा. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची तपासणी होती. साडेसहाला एक चाळिशीचा माणूस आला. आंघोळ केलेली, कपाळाला गंध, डॅशबोर्डवर ताजं फूल. आकडा अठ्ठेचाळीस. तो हादरलाच. "साहेब, रात्री बाराला थांबलो होतो. सहा तास झोपलोय." तो खोटं बोलत नव्हता. शरीर दारू तासाला जेमतेम पंधरा मिलिग्रॅमच्या हिशेबाने उतरवतं. झोपलात म्हणून वेग वाढत नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही वाढत नाही. रात्री दीडशेच्या आसपास पोचलेल्या माणसाला तिसाच्या खाली यायला आठ तास लागतात. तो माणूस फुटपाथच्या कडेला बसून रडला. केस मी केली. करायलाच हवी होती, कारण तो मुलांना शाळेत सोडायला निघाला होता. दोन्ही मुलं मागे दप्तरं मांडीवर घेऊन बसली होती.

हा तासाला पंधराचा हिशेब पाठ करून ठेवा. आता फोनचं सांगतो, तेव्हा तो लागेल.

फोनवर कुणीही "सोडा" असं म्हणत नाही. त्याची भाषा ठरलेली असते. "अहो, आपलीच पोरं आहेत, जरा बघा." "मी येतोच आहे, मी येईपर्यंत थांबा." "दोन मिनिटं द्या, वरून फोन येईल." आणि आम्ही थांबतो. ज्याचा आकडा पन्नास आहे तो दीड तास नुसता उभा राहिला, तर तिसाच्या आत येतो. त्याच्यासाठी कुणी कायदा मोडायची गरजच नाही, घड्याळ पुढे सरकलं की काम झालं. म्हणून गाडी थांबली की मी आधी नळी पुढे करायचो. फोन मागाहून.

कुणी फुंकायलाच नकार दिला तर कायदा त्याला अटक करायची मुभा देतो. अटक झाली की दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडून द्यावं लागतं. या दोन तासांत आम्ही किती धावतो ते पाहायला हवं. एकदा रात्री दोनला पालिकेच्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने सवयीने स्पिरिटचा बोळा उचलला. माझ्यासोबतचे म्हातारे हवालदार हात पुढे करून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, स्पिरिट नको. रक्त दारूसाठी काढायचंय." डॉक्टरने जीभ चावली आणि बोळा ठेवून दिला. त्या एका बोळ्याने केस गेली असती. कातडी अल्कोहोलने पुसायची नाही, पाच मिलिलिटर रक्त घ्यायचं, त्यात रक्त टिकवणारं द्रव्य असलंच पाहिजे, बाटली सील करायची, लेबल लावायचं, आणि सात दिवसांच्या आत कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचवायची. साखळीतली एक कडी सुटली की आरोपीच्या वकिलाचं काम झालं.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरला मध्यरात्रीनंतर एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं, तेव्हा मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. टीव्हीसमोर बसलो होतो. रक्त कित्येक तासांनी घेतलं गेलं, हे ऐकलं तेव्हाच माझ्या बायकोला म्हटलं, "यात काहीतरी आहे." पुढे नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. सगळा देश जामीन देताना त्या मुलाला लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर बोलत होता. माझ्या डोक्यात मात्र ते मधले तासच घोळत होते. त्या तासांत कुणाचे फोन वाजले असतील, कुणी उचलले असतील.

माझ्या हातून जे झालं तेही सांगायला हवं.

साल सांगत नाही, जागाही नाही. रात्रीचे एक वाजून वीस मिनिटं झाली होती. चाळिशीच्या आतला माणूस, बोलणं अगदी सभ्य, आकडा चौऱ्याण्णव. चिठ्ठी निघाली, अजून सह्या व्हायच्या होत्या. त्याने फोन पुढे केला. पलीकडचा आवाज मी ओळखला. ज्याच्या सहीने माझी बदली होऊ शकते अशा माणसाचा तो आवाज होता. त्याने माझी चौकशी केली. मुलीचं कॉलेज कुठवर आलं ते विचारलं. मग म्हणाला, "जाऊ दे त्याला. घर जवळच आहे." मुलीच्या प्रवेशासाठी त्या महिन्यात मला मुंबईतच राहणं भाग होतं. मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. त्याच्या शेजारी बसलेल्या मित्राला म्हटलं, "तुम्ही चालवा," तर तोही प्यायलेला. आणि मी हात केला. गाडी गेली. माझ्याबरोबरची तीन पोरं बघत होती. एकानेही काही विचारलं नाही.

सकाळी ड्युटी संपल्यावर घरी गेलो नाही. नियंत्रण कक्षात ओळखीचा होता, त्याला त्या रात्रीचे अपघात विचारले. दुसऱ्या दिवशीही विचारले, तिसऱ्या दिवशीही. त्या नंबरची गाडी कुठे आली नाही. तो नीट घरी पोचला होता. नंबर मी खिशातल्या डायरीत लिहून ठेवला होता, तो अजून आहे. त्या रात्रीनंतर नाक्यावर मी एक पद्धत लावली. सह्या होईपर्यंत कुणाचाही फोन घ्यायचा नाही, आणि घेतलाच तर स्पीकर लावून, सगळ्या पोरांसमोर. स्पीकर लावला की पलीकडचा माणूस एकदम कायद्याचं बोलायला लागतो. हे मी शंभर वेळा पाहिलं.

स्पीकरवर आलेला एक फोन मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. माहीमला पंचविशीचा एक मुलगा सापडला. आकडा एकशे बारा. त्याने नंबर लावला आणि म्हणाला, "बाबा, पोलिसांनी धरलंय. तुम्ही बोला जरा साहेबांशी." पलीकडे काही क्षण नुसता पंख्याचा आवाज. मग वडिलांनी विचारलं, "साहेब, तो प्यायलाय का?"

"हो."

"किती?"

मी आकडा सांगितला.

"तुमची मर्यादा किती आहे?"

"तीस."

"मग त्याला सोडू नका. मी येतो." मुलगा "बाबा, बाबा" करत राहिला. फोन बंद झाला.

ते मुलुंडहून वाहनं बदलत बदलत आले. पायजमा, वर स्वेटर, पायात रबरी चपला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गाडीचे कागद आणि त्यांच्या झेरॉक्स, कुणीही न सांगता आणलेल्या. त्यांनी मुलाला शिव्या दिल्या नाहीत, मला विनंती केली नाही. बाकावर मुलाच्या शेजारी बसले. त्याला थंडी वाजत होती, तर स्वेटर काढून त्याच्या अंगावर टाकला. सगळे कागद झाल्यावर त्यांनी तीनच प्रश्न विचारले. कोर्ट कुठलं, किती वाजता, आणि गाडी मी नेली तर चालेल का. त्यांचं लायसन्स पाहिलं, त्यांनाही फुंकायला लावलं. त्यांनी निमूटपणे फुंकलं. शून्य. चार वाजता बाप-लेक गेले. माझ्या वेळी दंड दोन हजारांपर्यंत होता, आता पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. त्या मुलाला कोर्टात किती भरावे लागले ते मी पाहिलं नाही. तो पुन्हा माझ्या नाक्यावर सापडला नाही, एवढं खरं.

गाडी चालवणाऱ्यांना सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते फोन उचलणाऱ्यांना. तुम्ही नगरसेवक असाल, आमच्या खात्यातले असाल, कुणाचे काका, मामा, मेव्हणे असाल. रात्री दीडला फोन वाजेल आणि कुणीतरी म्हणेल, "जरा पोलिसांशी बोला." तेव्हा पोलिसाशी बोलू नका. ज्याने फोन केलाय त्याच्याशी बोला. त्याला म्हणा, नळी तोंडात धर आणि फुंक, मी तुला घ्यायला येतोय.